टाकी द्या

१२ ऑक्टोबर, रविवार

दिशाने पुण्याहून पार्सल पाठवलं. उघडलं तर आत बिस्किटाएवढी काळी डबी. फोन केला तर लेक म्हणाली, "बाबा, पोर्टेबल एसएसडी आहे. तुमच्या एकसष्टीचं गिफ्ट. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं त्यात ठेवा. फोन हरवला, लॅपटॉप बिघडला तरी काळजी नाही."

लोकांना एकसष्टीला शाल मिळते, अंगठी मिळते. मला डबी. पण वरच्या मजल्यावरच्या जीवनचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गेल्या महिन्यात त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात वाकला आणि खिशातला फोन पाण्यात गेला. नातीचे जन्मापासूनचे फोटो गेले. अजून लिफ्टमध्ये भेटला की तेच सांगत बसतो. माझ्यावर ती वेळ येणार नाही.

दिशाने वर शिकवणीही दिली. "बाबा, वस्तू दोन ठिकाणी असेल तरच त्याला बॅकअप म्हणायचं. इथून उचलून तिथे नेऊन ठेवली तर तो बॅकअप नाही." सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीमध्ये सगळी नोकरी काढली मी. ओके माल कुठला आणि स्क्रॅप कुठला हे बघायलाच मला पगार होता. मला सांगते.

सात डिसेंबरला हॉल ठरलाय. तोवर माझ्या आयुष्याची एक फिल्म करायची. म्हणजे आधी सगळा पसारा आवरणं आलं.

१५ ऑक्टोबर

माझा फोन झाला. कारखान्यातले सत्कार, निरोप समारंभ, दिशाचं लग्न, सगळं तारखेनिशी लावलं. काम करायचं तर असं.

आता सविताचा फोन. बायकोच्या फोनवर सहा महिने झाले एकच रड, "स्टोरेज फुल." दारातल्या रांगोळीचा फोटो काढायला गेली तरी निघत नाही. विचारलं, एवढं भरलंय काय त्यात? नुसती हसली. दुपारी जेवणं झाली की गॅलरीत लसूण सोलत बसते आणि एका कानात इअरफोन. हरिपाठ ऐकत असणार. हरिपाठ ऐकताना मधूनच कोणी हसत नाही, पण ही हसते. तिचं तिला माहीत.

मी तिला सांगितलं, फोन दे, साफ करून देतो. लगेच दिला नाही. "काही जाणार नाही ना त्यातलं?" असं तीनदा विचारून घेतलं. मी म्हटलं, बाई, जाऊ नये म्हणूनच तर चाललंय हे.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

आज मोठं काम उरकलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सविताचा फोन केबलने लॅपटॉपला लावला आणि सगळं कट करून लॅपटॉपवर घेतलं. कॉपी नाही, कट. कॉपी म्हणजे दोन घरांत पसारा. मग निवडायला बसलो. ओके ते डबीत, स्क्रॅप ते कायमचं डिलीट. रिसायकल बिन वगैरे मला चालत नाही. स्क्रॅप कंपनीतच पडून राहिलं की ते परत लाइनवर येतं.

हिचे फोटो म्हणजे अर्धे हललेले. कढीपत्त्याचं झाड, कुंडीतला शेवंतीचा गुच्छ, कुठल्याशा मांजरीची शेपटी. बरेच उडवले. तरी जागा खाणारं खरं प्रकरण वेगळंच निघालं. "कॉल रेकॉर्डिंग" नावाचं फोल्डर. दुकानदाराने फोन देताना कसली तरी सेटिंग चालू ठेवली असणार. तेव्हापासूनचा एकूण एक कॉल आपोआप टेप झालाय. आणि त्यात जवळजवळ सगळे एकाच नंबरचे. सासूबाईंचे.

दोन उघडून ऐकले. "सवी, काय करी ऱ्हायनी व माय? जेवनी का?" मग ही, "जेवनू. तू जेवनी का?" मग कोंबडी अंड्यांवर बसली, शेजारणीची सून माहेरी गेली, पाऊस उनं का, नही उनं. अर्धा अर्धा तास हेच. सटाण्याजवळचं गाव, तिथली अहिराणी. ही भाषा मी लग्न झाल्या झाल्या घरातून बंद केली होती. नाशकात राहायचं तर चार माणसांसारखं बोलायचं. उद्या मुलीला शाळेत हसतील. हिने ऐकलंही. फक्त माहेरचा फोन आला की गॅलरीचं दार ओढून घ्यायची. आणि एरवी फार खुशीत असली की एखादा शब्द निसटतो.

सासूबाई गेल्या नोव्हेंबरात गेल्या. वर्ष होत आलं. तरी हिच्या वस्तू, हिला विचारलेलं बरं. ही स्वयंपाकघरात चकल्या तळत होती. मी हॉलमधूनच ओरडलो, "अगं, तुझ्या आईचे फोन आहेत ढीगभर. काय करायचं ह्यांचं?"

तेलाच्या आवाजातून हिचा आवाज आला, "टाकी द्या ना! मायना पह्यले टाकी द्या!"

एवढ्या वर्षांत जीभ काही सुधारली नाही. पण माणूस शहाणं आहे हे मानलं. मला वाटलं होतं रडारड करेल, आईची आठवण म्हणेल. तर पहिले तेच टाकून द्या म्हणाली. दिले टाकून. फोनला जागाच जागा झाली.

१९ ऑक्टोबर

सकाळी चहा देताना हिने विचारलं, "आईचं टाकलं का?"

"कालच टाकलं. तुझ्या फोनात आता काही नाही."

"बरं झालं. फोन म्हणजे काय, कधीही पडतो. आता जिवाला घोर नाही." आणि माझ्या बशीत, न मागता, दुसरी चकली ठेवली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केल्यापासून मला एकीच्या पुढे मिळत नाही.

ह्या घरात माझ्या कामाचं असं कौतुक क्वचितच होतं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पूजा मांडताना हिने चौरंगावर दागिन्यांच्या शेजारी ती डबी ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी म्हटलं, कुंकू केबलच्या भोकात जाईल, मग ती लक्ष्मी उघडायची नाही. तर फूल उचलून पदराने कुंकू पुसून काढलं. मग हात जोडून उभी राहिली. लक्ष्मीपुढे एवढा वेळ उभी नव्हती.

नंतर म्हणाली, "डबीतलं मला कधी लावून द्याल?"

फिल्मची उत्सुकता माझ्यापेक्षा हिलाच जास्त. मी म्हटलं, एकसष्टी होऊ दे, लॅपटॉप तोवर फिल्मला लागतोय. मग बस ऐकत नि बघत.

"थांबते," म्हणाली.

२ नोव्हेंबर

फिल्म चांगली चाललीय. बालपणाचे फोटो कमी, पण नोकरीचे भरपूर. जुन्या कॅसेटवरचं दिशाचं बारसं परवा एका स्टुडिओतून उतरवून आणलं, तेही लॅपटॉपवर घातलं. लॅपटॉप म्हातारा आहे, रडतखडत चालतो. माझ्याच वयाचा म्हणायचा.

हिच्या कानात हल्ली दुपारी इअरफोन नसतो. लसूण सोलता सोलता नुसती समोर बघते. हरिपाठ सोडला वाटतं.

१४ नोव्हेंबर

परवा रविवारी सासूबाईंचं वर्षश्राद्ध, गावी. हिने चक्क सांगितलं, "लॅपटॉप घ्या. डबीही घ्या. जेवणं झाली की सगळ्यांना लावून देऊ."

श्राद्धाच्या दिवशी माझी फिल्म बरी दिसेल का, अशी मला शंका होती. पण हिचा आग्रह. मेव्हणा पुंजा आणि त्याच्याकडचे सगळे जमणार आहेत, ते एकसष्टीला येतील न येतील. घेतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी उलटंसुलटं सांगायला नको.

जेवणं झाली. ओसरीवर सतरंजी घातली. पुंजाने स्टुलावर लॅपटॉप ठेवायला जागा केली. हिच्या दोन मावश्या पुढे येऊन बसल्या, एकीने ऐकू नीट यावं म्हणून डोक्यावरचा पदर कानामागे सारला. मला ते विचित्र वाटलं, बघायचं तर कान कशाला. मी फिल्म लावली. कारखान्याच्या गेटवरचा माझा फोटो आला.

पुंजा म्हणाला, "दाजी, हे नंतर देखू. पह्यले मायना आवाज लावा ना."

"कसला आवाज?"

सविता पुढे झाली. तोंडभर हसू. "अहो, आईचे फोन. त्या दिवशी तुम्ही टाकले ना त्यात."

मी म्हटलं, "ते टाकून दिले. तूच म्हणालीस."

"हो, टाकी द्या म्हटलं. डबीत टाकी द्या."

"टाकून द्या म्हणालीस!"

"टाकी द्या म्हटलं मी," ती म्हणाली. एकदम हळू. "भाजीत मीठ टाकी द्या म्हणतो आम्ही, तसं. मीठ काय उकिरड्यावर टाकतात का?"

पुंजा आधी हसला, त्याला गंमत वाटली. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने हसू गिळलं. मावशी शेजारणीला विचारत होती, "लावं का? काय म्हने साळू?" साळूबाई सासूबाईंचं नाव. मावशीला कोणीच काही सांगेना. ती तशीच कान देऊन बसून राहिली.

माझं चुकलं कुठे? मी विचारलं होतं. उत्तर मिळालं तसं केलं. माणसाने मराठीत बोलावं, म्हणजे असे घोळ होत नाहीत. हे मी तिथे बोललोही. नसतं बोललो तरी चाललं असतं, पण खरं ते खरं.

परत येताना देवळा गेलं, सोग्रस फाटा गेला, पिंपळगावचा टोलनाका गेला. ही खिडकीतून बाहेर बघत होती. आडगावच्या पुढे आल्यावर म्हणाली, "आपल्याला चहासाठी थांबायचं असल्यास थांबावं. माझी हरकत नाही."

मला आधी कळलंच नाही की हे कोण बोललं.

१९ नोव्हेंबर

तेच चालू आहे. "आपण जेवून घ्यावं." "आपला टॉवेल वाळला आहे." "मला त्याविषयी काही सांगायचं नाही." एक शब्द इकडचा तिकडे नाही. बातम्या देणारी बाईसुद्धा एवढं शुद्ध बोलत नसेल. लग्न झाल्यापासून मी हेच मागत होतो. आता मिळालंय तर घरात बसवत नाही.

काल मुद्दाम डिवचलं, "अगं, ती चकली टाकी दे इकडे." जरा हसेल म्हणून. ती म्हणाली, "चकल्या संपल्या आहेत."

मी बोलून गेलो, काय होतं एवढं त्या फोनांत? जेवली का, पाऊस पडला का. माहिती म्हणाल तर शून्य.

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मला सवी म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं."

मीही नव्हतो म्हणत, हे खरं. लग्नात हिचं नाव मुद्दाम बदललं नाही, सविता नाव चांगलं होतं, पूर्ण. त्याचं सवी कशाला करायचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

दिशा काल आली. आईशी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलली, मग माझ्यासमोर येऊन बसली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.

"बाबा, डिलीट कुठून केलं? डबीतून की लॅपटॉपवरून?"

"लॅपटॉपवरून. डबीत घेतलंच नव्हतं."

"मग थोडी आशा आहे. डबीतून पुसलं तर ती लगेच सगळं साफ करून टाकते. लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे. त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर पुसलेलं तळाशी राहतं." मग थांबली. "नंतर काही घातलं का त्याच्यावर?"

फिल्म घातली. बारशाची कॅसेट घातली. सत्कार घातले. मी सांगितलं. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. म्हणजे काय ते मला समजलं. माझे फोटो जाऊन बसले ते म्हातारीच्या आवाजावर.

तिने एक प्रोग्राम लावला. दिवसभर लॅपटॉप कण्हत होता. सविता समोर पाटावर बसून. मी म्हटलं खुर्चीवर बस, तर "मी इथे ठीक आहे."

दुपार कलल्यावर फाइली यायला लागल्या. नावं गेलेली, तारखा गेलेल्या. दिशा एकेक लावत होती. पुष्कळशा उघडल्याच नाहीत. काहींत नुसती खरखर. एकीत "सवी, काय क" एवढंच, आणि तुटली. सविताने तेवढंच परत लावायला सांगितलं. परत. परत. दिशाने तोंड फिरवलं.

शेवटी एक धड निघाली. पूर्ण. मला वाटलं, चला, निदान एक ओके पीस आहे. मीच म्हटलं, इअरफोन काढ, मोठ्याने लाव, सगळेच ऐकू.

आधी माझा आवाज आला. "हॅलो."

"जवाई, सवी शे का घर?"

"नाही, बाहेर गेलीय."

"बरं नही वाटी ऱ्हायनं जरासं. दोन शबद बोलाना व्हतात तिनासंगे."

"आली की सांगतो."

मागे कुकरची शिट्टी. आणि मागूनच सविताचा आवाज, स्वच्छ, "अहो, माझा फोन वाजला का? कोणाचा होता?"

आणि माझा, "राँग नंबर."

मला वाटलं फाइल संपली. मग सासूबाई. "राहू द्या, जवाई. तिना आवाज आयकाई गया."

संपली.

सविता म्हणाली, तशीच शुद्ध, "तो पुरणाचा दिवस. आपल्या कारखान्यातली मंडळी जेवायला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाचा फोन आला, आई गेली म्हणून."

मी म्हटलं की घरात पाहुणे, पानं मांडलेली, सासूबाईंचा फोन म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. मी सांगणारच होतो. राहून गेलं. म्हातारी दुसऱ्या दिवशी जाईल हे मला काय ठाऊक. हे सगळं मी बोललो आणि बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, मघाच्या फाइलीतल्यासारखा.

दिशाने विचारलं, "आई, ही एकच धड आहे. काय करायचं हिचं?"

सविता पाटावरून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. माझ्याकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या बोलीत बोलली.

"टाकी द्या."

आणि आत गेली.

दिशा माझ्याकडे बघायला लागली. "बाबा, म्हणजे?"

८ डिसेंबर

एकसष्टी झाली काल. एकसष्ट दिव्यांनी ओवाळलं. सविता शेजारी बसली होती, हिरवं लुगडं नेसून, सगळ्यांशी व्यवस्थित बोलत होती. कोणी म्हणालं, वहिनी किती छान बोलतात. फिल्म लावली नाही. प्रोजेक्टर बिघडलाय असं मी सांगितलं.

आज ती गावी गेली. चार दिवस म्हणाली, पण बॅग चार दिवसांची नव्हती. दारात चपला घालताना विचारलं, "टाकलं का ते?"

मी "हो" म्हटलं. तिने मान हलवली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

तिला कुठलं टाकणं म्हणायचं होतं ते मी त्या दिवशी विचारायला हवं होतं. पंधरा दिवस झाले, रोज विचारायचं ठरवतो आणि तोंड उघडत नाही. डबीत ठेवली आणि तिला ती नको असली तर? पुसली आणि हवी असली तर? तिची भाषा मला येत नाही. शिकायची कधी गरज पडली नव्हती.

मघाशी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. फाइल लॅपटॉपवर आहे तिथेच आहे. डबी शेजारी ठेवलीय. झेंडूची एक वाळकी पाकळी अजून तिच्या खाचेत अडकलेली आहे, ती काढायची राहिलीय.